खांबाआडचा भाऊ

दिलीपकुमारचे 'संगदिल' (१९५२) आणि 'दिल दिया दर्द लिया' (१९६६) ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी दोन इंग्रज बहिणींच्या कादंबऱ्या पडद्यावर पाहिल्या आहेत. पहिला चित्रपट शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'वर बेतलेला, दुसरा एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स'वर. तिसरी बहीण अ‍ॅन. तिच्या 'अ‍ॅग्नेस ग्रे'ला तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही, पण तीही कादंबरीकारच. इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्यांच्या डोळ्यांखालून या तिघींचं एक तैलचित्र हमखास गेलेलं असतं. अभ्यासाच्या पुस्तकात, चरित्राच्या मुखपृष्ठावर, ते सगळीकडे असतं.

डावीकडे दोन मुली, उजवीकडे एक. मधल्या जागेत एक फिकट उभा खांब. त्या खोलीत तो खांब असण्याचं काही कारण दिसत नाही. मग जरा वेळ पाहत राहिलं की खांबात काहीतरी जाणवू लागतं. डोक्याचा आकार, गळा, खांद्यांची उतरती रेघ. खांबाच्या आत एक माणूस उभा आहे.

हे चित्र लोकांना दिसू लागलं १९१४ मध्ये, तेव्हा बघणाऱ्यांना तिथे खांबच दिसत होता. त्या माणसाकडे लक्ष गेलं ते विसाव्या शतकात, हळूहळू. तो आला कुठून? आणि लेखिकांच्या चित्राचा अर्थ लावताना त्याचं काय करायचं?

सतरा वर्षांचा चित्रकार

चित्र काढणारा कुणी नामवंत नव्हता. तो या तिघींचा भाऊ, पॅट्रिक ब्रॅनवेल ब्राँटे. चित्राचा काळ साधारण १८३४. तेव्हा ब्रॅनवेल सतरा वर्षांचा, शार्लट अठरा, एमिली सोळा आणि अ‍ॅन चौदा. यॉर्कशरमधल्या हॉवर्थ नावाच्या गावात त्यांचे वडील पाद्री होते. आई मुलं लहान असतानाच गेली, दोन मोठ्या बहिणीही बालपणी वारल्या. उरलेली चार भावंडं एकमेकांच्या सोबतीने वाढली. शार्लट आणि ब्रॅनवेल मिळून अँग्रिया नावाच्या काल्पनिक राज्याच्या कथा लिहीत, एमिली आणि अ‍ॅन गोंडाल नावाच्या बेटाच्या.

घरातल्या एकुलत्या एका मुलाने चित्रकार व्हावं, असं ठरत होतं. लीड्सचे व्यावसायिक चित्रकार विल्यम रॉबिन्सन यांच्याकडे तो शिकला. १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत जाण्याचा बेत होता. त्यासाठी लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा आजही उपलब्ध आहे. बेत तडीस गेला नाही. पुढे १८३८-३९ मध्ये ब्रॅडफर्डला त्याने व्यक्तिचित्रं काढून देण्याचा व्यवसाय करून पाहिला, तोही चालला नाही.

हे डोक्यात ठेवून चित्राकडे पाहिलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. तिघींचे चेहरे एकाच साच्यातले वाटतात, अंगाला वजन नाही, कुणी कुणाकडे पाहत नाही. यातून काही अभ्यासू वाचक बहिणींचा एकाकीपणा, गूढता, अंतर्मुखता वाचतात. मला ते पटत नाही. एकाहून अधिक माणसं एका चित्रात बसवताना प्रत्येकाला वेगळं समोर उभं करून रंगवायचं आणि मग ती एकाच खोलीत, एकाच उजेडात असल्याचा भास निर्माण करायचा, हे मुरलेल्या चित्रकारालाही अवघड जातं. नवशिक्याच्या हातून ती माणसं सुटी सुटीच राहतात. म्हणून चेहऱ्यावरच्या भावाचा अर्थ लावण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: हे चित्रकाराला हवं होतं, की त्याला यापेक्षा वेगळं जमत नव्हतं?

कपड्यांच्या बाबतीत मात्र तो विश्वासू साक्षीदार आहे. रुंद पांढऱ्या कॉलरी आणि दंडाशी फुगलेल्या बाह्या ही १८३०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातली फॅशन. चित्राचा काळ ठरवायला मुलींच्या वयाइतकाच या बाह्यांचाही उपयोग होतो.

रंगाआडून माणूस कसा उगवतो?

आता त्या खांबाकडे वळू. वर्तमानपत्राच्या कागदात गरम भजी बांधून आणली की कागदावर तेलाचे डाग पडतात आणि त्या डागातून मागच्या बाजूची अक्षरं दिसू लागतात. कागद तोच, जाडी तीच. मग तो पारदर्शक कसा होतो? कागद म्हणजे बारीक तंतूंचं जाळं, आणि तंतूंच्या मध्ये हवा. प्रकाश हवेतून तंतूत आणि तंतूतून हवेत जाताना दर वेळी वळतो, उधळतो. पुष्कळदा उधळला की तो मागे परततो, आणि आपल्याला कागद पांढरा, अपारदर्शक दिसतो. तेल शिरलं की हवेची जागा तेल घेतं. प्रकाशाला वळवण्याची तेलाची ताकद तंतूच्या ताकदीच्या जवळपास असते. दोन्हींत फरकच उरला नाही, की प्रकाश न उधळता सरळ पलीकडे जातो.

तैलरंगातही हेच घडतं, फक्त फार सावकाश. तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. त्या काळचा मुख्य पांढरा रंग शिशापासून बनवलेला असे. प्रकाश वळवण्याच्या या ताकदीला वक्रीभवनांक म्हणतात. शिशाच्या पांढऱ्याचा तो साधारण २, आणि ताज्या जवस तेलाचा सुमारे १.४८. दोन्हींत चांगलं अंतर आहे, म्हणून ताजा रंग खालचं सगळं झाकून टाकतो. चित्र 'वाळतं' असं आपण म्हणतो, पण तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होत जातं. हे घट्ट होणं वर्षानुवर्षं चालू राहतं, आणि त्याबरोबर तेलाचा वक्रीभवनांक वाढतो. तो १.५७च्या आसपास जाऊ शकतो. पूड आणि तेल यांच्यातलं अंतर तेवढं कमी होतं आणि रंगाची झाकण्याची ताकद घटते. त्यात शिसं तेलातल्या आम्लांशी संयोग पावून साबणासारखी संयुगं तयार करतं. ती मूळ पुडीपेक्षा जास्त पारदर्शक असतात.

रंग जितका पातळ दिलेला, तितका हा परिणाम लवकर दिसतो. खाली गडद आणि वर फिकट असेल तर तो सर्वांत ठळक होतो. जुन्या चित्रांमध्ये चित्रकाराने बदललेला हात, सरकवलेली टोपी, पुसलेली खुर्ची अशी वर येते. चित्रकलेच्या अभ्यासात याला पेंटिमेंटो म्हणतात. घाई असलेल्या संशोधकांना दोनशे वर्षं थांबावं लागत नाही. अवरक्त किरण बऱ्याच रंगांतून आरपार जातात आणि खालच्या कोळशाच्या रेघा दाखवतात. क्ष-किरण शिशाशी अडतात, त्यामुळे शिशाचा पांढरा कुठे कुठे लावला आहे याचा नकाशा मिळतो.

ब्राँटेंच्या चित्रात यंत्राची गरज नाही. एमिली आणि शार्लट यांच्या मधोमध एक पुरुष उभा होता आणि त्याच्यावर खांब रंगवला गेला, हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. तो पुरुष म्हणजे खुद्द ब्रॅनवेल असल्याचं जवळजवळ सर्व अभ्यासक मानतात. चार भावंडांचं चित्र होतं, ते तीन बहिणींचं झालं.

त्याने स्वतःला का पुसलं?

याचं रूढ उत्तर हृदयद्रावक आहे. पुढे ब्रॅनवेल दारू आणि अफूच्या आहारी गेला, नोकऱ्या गमावल्या, आणि १८४८च्या सप्टेंबरमध्ये एकतिसाव्या वर्षी गेला. बहिणींची नावं जगभर झाली, त्याचं झालं नाही. तेव्हा स्वतःला नालायक समजून त्याने आपला चेहरा पुसला, असं मानायचा मोह होतो.

चित्र पाहिल्यावर मला दुसरं, साधं उत्तर जास्त सयुक्तिक वाटतं. कॅनव्हास जेमतेम ९० सेंटिमीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर रुंद आहे. एवढ्या जागेत चार माणसं दाटीने उभी होती. मधला चौथा काढून टाकला की तिघींना श्वास घ्यायला जागा मिळते. शिवाय आरशात पाहून स्वतःला रंगवायचं आणि समोरच्या तिघींना थेट पाहून रंगवायचं, हे दोन्ही एका चित्रात जुळवणं ही वेगळीच डोकेदुखी. सतरा वर्षांच्या मुलाला आपलीच आकृती जमली नाही म्हणून त्याने ती झाकली, यात अविश्वसनीय काही नाही. उभ्या आकृतीवर उभा खांब सहज बसतो, म्हणून खांब.

पहिलं उत्तर शेवट माहीत असलेल्या माणसाचं आहे. १८३४ मध्ये ब्रॅनवेलला आपला शेवट ठाऊक नव्हता. उलट घराची सगळी आशा त्याच्यावर होती.

खांबात दिसलेलं नशीब

चित्राचा अर्थ लावणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या व्यक्ती म्हणजे कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल. १८५३च्या सप्टेंबरमध्ये त्या हॉवर्थला शार्लटकडे राहायला गेल्या. तोवर एमिली आणि अ‍ॅन या जगात नव्हत्या. शार्लटने हे चित्र आणून त्यांना दाखवलं. गॅस्केलबाईंनी १८५७ मध्ये शार्लटचं चरित्र प्रसिद्ध केलं, त्यात त्यांनी चित्राचं वर्णन केलं आहे. रंगकाम त्यांना दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याच्या तोडीचं वाटलं, पण चेहरे मात्र अस्सल वाटले. त्याचं कारणही त्या देतात. ते मोठं चित्र उभं धरून शार्लट स्वतः त्याच्या मागे उभी होती. चित्रातला चेहरा आणि चित्राच्या वरचा जिवंत चेहरा त्यांनी एकाच नजरेत ताडून पाहिला. मधे दहा वर्षांहून जास्त काळ गेला होता, तरी साम्य ठळक होतं. व्यक्तिचित्राच्या खरेपणाचा याहून चांगला पुरावा सहसा मिळत नाही.

त्यानंतर त्या खांबाकडे वळतात. खांबाच्या ज्या बाजूला उजेड आहे तिथे शार्लट, आणि सावलीच्या बाजूला एमिली आणि अ‍ॅन. जगलेली एक उजेडात, गेलेल्या दोघी सावलीत. त्या खांबात गॅस्केलबाईंना नियतीची विभागणी दिसली. ही आपली भाबडी कल्पना आहे, हेही त्या प्रामाणिकपणे नोंदवतात.

या नोंदीतून दोन गोष्टी हाती येतात. एक, १८५३ मध्ये खांब तिथे होता आणि त्याच्या आतला माणूस गॅस्केलबाईंसारख्या तीक्ष्ण नजरेच्या बाईलाही दिसला नाही. दोन, चित्रात काय दिसतं हे बघणाऱ्याला आधी काय माहीत आहे यावर ठरतं. तेव्हाच्या वाचकांच्या मनात बहिणींच्या मृत्यूचं दुःख ताजं होतं, म्हणून खांब मृत्यूची रेषा झाला. आज आपल्याला ब्रॅनवेलची शोकांतिका माहीत आहे, म्हणून तोच खांब आत्मनाशाची खूण झाला. कॅनव्हासवरचा खांब तोच आहे.

चौकट : कॅनव्हासचा प्रवास
साधारण १८३४ : हॉवर्थ येथे ब्रॅनवेल चित्र काढतो. १८४७ : 'जेन एअर', 'वदरिंग हाइट्स' आणि 'अ‍ॅग्नेस ग्रे' प्रसिद्ध, तिन्ही बेल या टोपण आडनावाने. १८४८-४९ : आठ-नऊ महिन्यांच्या आत ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन यांचे मृत्यू. १८५४ : शार्लटचा आर्थर बेल निकल्स यांच्याशी विवाह. १८५५ : शार्लटचा मृत्यू. १८६१ : वडील पॅट्रिक ब्राँटे यांच्या मृत्यूनंतर निकल्स आयर्लंडमधल्या बॅनहरला परततात, चित्र त्यांच्यासोबत जातं. १९०६ : निकल्स यांचा मृत्यू. १९१४ : त्यांच्या दुसऱ्या पत्नीला कपाटावर घड्या घालून ठेवलेला कॅनव्हास सापडतो, आणि लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी तो विकत घेते.

घड्यांच्या रेघा

चित्रावर आडव्या-उभ्या भेगा आहेत, रंगाचे पापुद्रे निघालेले आहेत. प्राणवायू घेऊन घट्ट झालेलं तेल लवचिक राहत नाही. असा कॅनव्हास दुमडला की घडीच्या रेषेवर रंग तडकतो आणि सुटतो.

निकल्स यांनी पत्नीचं चित्र असं का ठेवलं? त्यांना ही चित्रं आवडत नव्हती, त्यांतले चेहरे त्यांना बरोबर वाटत नव्हते. ब्रॅनवेलने भावंडांचं आणखी एक सामूहिक चित्र काढलं होतं, त्यात तो स्वतः बंदूक घेऊन होता. निकल्स यांनी त्यातला एकच चेहरा कापून ठेवला आणि बाकी चित्र नष्ट केलं. तो तुकडाही १९१४ मध्येच सापडला. बाजूने दिसणारा, थोडा खाली झुकलेला असा तो चेहरा. तो एमिलीचा की अ‍ॅनचा, यावर पुष्कळ वाद झाला. हॉवर्थचे कागद-विक्रेते जॉन ग्रीनवुड यांनी मूळ चित्र शाबूत असताना त्यातल्या आकृत्यांच्या बाह्यरेषा पातळ कागदावर उतरवून घेतल्या होत्या आणि नावं लिहिली होती. त्या रेषांशी ताडल्यावर तुकडा एमिलीचा ठरला.

गॅस्केलबाई म्हणतात चेहरे अस्सल, पती म्हणतात नाहीत. कुणाचं मानायचं? शार्लटच्या बाबतीत मी गॅस्केलबाईंचं मानतो. त्यांनी समोरासमोर ताडून पाहिलं होतं. निकल्स यांना १८३४ची अठरा वर्षांची शार्लट माहीतच नव्हती. ते हॉवर्थला आले १८४५ मध्ये.

चित्रात लेखिका कुठे आहे?

शार्लटचं आणखी एक चित्र प्रसिद्ध आहे. १८५० मध्ये तिच्या प्रकाशकाने, जॉर्ज स्मिथ यांनी, लंडनचे नामांकित चित्रकार जॉर्ज रिचमंड यांच्याकडून ते खडूने काढून घेतलं आणि तिच्या वडिलांना भेट दिलं. तोवर 'जेन एअर'ने नाव झालेलं होतं. रिचमंडचा हात सराईत. डोळे मोठे आणि तेजस्वी, कातडी नितळ, चेहरा विचारमग्न. शार्लट स्वतःच्या रूपाबद्दल फार हळवी होती, आणि तिला प्रत्यक्ष पाहिलेल्यांची वर्णनं या चित्राइतकी उदार नाहीत. रिचमंडने बाई रंगवली नाही असं नव्हे, पण त्याने 'जेन एअर'ची लेखिका रंगवली.

ही वृत्ती टोकाला गेलेली पाहायची असेल तर मेक्सिकोत जावं लागतं. सोर हुआना इनेस दे ला क्रूस ही सतराव्या शतकातली जोगीण आणि स्पॅनिश भाषेतली थोर कवयित्री. ती १६९५ मध्ये वारली. मिगेल काब्रेराने तिचं सर्वांत गाजलेलं चित्र काढलं साधारण १७५० मध्ये, म्हणजे तिला कधीही न पाहता. मागे पुस्तकांनी भरलेली फडताळं, मेजावर लेखण्या, एक हात उघड्या पुस्तकावर, दुसरा जपमाळेवर. चेहरा जुन्या चित्रांवरून घेतलेला, बाकी सगळी तिच्या विद्वत्तेची आणि धर्मनिष्ठेची ग्वाही. असं चित्र वाचायचं तर प्रत्येक वस्तू का ठेवली आहे हे विचारत जायचं.

ब्रॅनवेलच्या चित्रात तसं काही शोधू नये. तिथे लेखणी नाही, दौत नाही. त्याला लेखिका रंगवायच्या नव्हत्या, घरातल्या बहिणी रंगवायच्या होत्या. त्यांचं पहिलं पुस्तक यायला बारा वर्षं होती, आणि १८४६ च्या त्या कवितासंग्रहाच्या प्रारंभी दोनच प्रती खपल्या. एमिलीच्या नजरेत 'वदरिंग हाइट्स'चं वादळ दिसतं असं कुणी लिहिलं, तर ते वादळ त्याने कादंबरीतून चित्रात नेलेलं आहे. तेरा वर्षांनंतरच्या पुस्तकाची खूण सोळा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर भाऊ कशी रंगवणार?

याचा अर्थ चित्र मुकं आहे असा मात्र नाही. भुकेल्या अभ्यासकाला लागतं ते यात आहे: त्या घरातलं तिघींचं वय, पेहराव, त्यांना रोज पाहणाऱ्या माणसाची नजर, आणि चौथ्या भावंडाची जागा. अँग्रिया आणि गोंडालच्या गोष्टी चौघांच्या घरात जन्मल्या. पुढे वाचकांनी तिघींचं एक वेगळं कुटुंब केलं. चित्रातल्या तेलाने आपल्या गतीने त्या चौथ्याला पुन्हा वर आणलं, आणि ब्राँटे भगिनींवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आता त्याची दखल घ्यावी लागते.

रंगकाम म्हणून हे चित्र कच्चं आहे. तरी रिचमंडच्या सुबक खडूचित्रापेक्षा मी ते वरचढ मानतो, कारण त्यात प्रसिद्धीची सावली पडलेली नाही. लंडनला जाणं झालं तर ट्रॅफल्गर चौकालगतच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जरूर जा, गॅलरीच्या संग्रहाला तिकीट नाही. जाणं झालं नाही तरी गॅलरीच्या संकेतस्थळावर १७२५ या संग्रहक्रमांकाने ते सापडतं. मोठं करून पाहा, आणि पाहताना चेहऱ्यांच्या आधी खांबाकडे बघा. तिन्ही बहिणी एकत्र असलेलं, त्यांना समोर पाहून काढलेलं, आज शिल्लक असलेलं हे एकमेव चित्र आहे.